वरचे बारा प्लॉट

"इथे पावसाचं पाणी साचलेलं कधी पाहिलंय का?" अश्लेषाने फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न बाराव्यांदा विचारला.

"नाय," बानाबाई म्हणाली आणि तिने अंगठा पुढे केला.

बारा कुटुंबांचे बारा जबाब झाले, बाराही सारखे. अश्लेषाला हायसं वाटलं. नगररचना कार्यालयात सहा वर्षं तिने नकाशे रंगवले होते, पण जीव लावून केलेला आराखडा हा एकच. शहराबाहेर, पडेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी बासष्ट घरं. शेजारून नवा रस्ता, रस्त्यावर शहर बस, बसने वीस मिनिटांवर कामधंदा. माणूस राहतो तिथून त्याला कामावर धड पोचता आलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. शहर मात्र वाट फुटेल तिकडे वाढत चाललं होतं आणि तिचं म्हणणं फायलीतच राहत होतं. या वेळी ते जमिनीवर उतरणार होतं.

पाण्याचा प्रश्न तर तिला चेष्टाच वाटत होता. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष. शहरात, गारखेड्यात तिच्या स्वतःच्या घरी नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि इथल्या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पण सरकारी फॉर्मवर प्रश्न असला की उत्तर लागतंच. एकाने जरी 'हो' म्हटलं असतं, तरी पाहणी, मग फेरपाहणी. परवापर्यंत फाइल गेली नाही तर मंजुरी दुसऱ्या तालुक्याकडे वळणार होती.

ही बारा कुटुंबं मेंढपाळांची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन याच माळावर यायचं आणि पालं ठोकायची, ही त्यांची चार पिढ्यांची रीत. म्हणून यादीत त्यांची नावं आधी, आणि प्लॉट निवडण्याचा मानही आधी. उरलेले पन्नास प्लॉट शहरातल्या भाडेकरूंना सोडतीने मिळणार होते. बानाबाईची सून रत्नमाला महिनाभर चुन्याच्या रेघांमधून फिरत होती. ओटा कुठे, खिडकी कुठे, सगळं तिने मनात बांधून टाकलं होतं. तिच्या मुलीने दोन वर्षांत तीन शाळा बदलल्या होत्या. आता एकच शाळा, असं तिने मुलीला सांगूनही टाकलं होतं.

"चला मावशी, तुमच्यापासून सुरुवात," अश्लेषा बानाबाईला म्हणाली. "रस्त्यालगतचा एक नंबर घ्या. बस दारात थांबेल."

बानाबाई रस्त्याकडे गेलीच नाही. सपाट, मऊ माती ओलांडून ती वर चढली, मुरमाड उतारावर. तिथे आराखड्यातले अगदी शेवटचे बारा प्लॉट होते. पाया खणताना पहार वाकावी अशी जागा. तिथून रस्ताही लांब आणि नळही लांब. एका खडकाशी ती थांबली.

"ह्यो," ती म्हणाली.

म्हाताऱ्या माणसाची लहर, असं म्हणत अश्लेषाने नंबर लिहून घेतला. मग मुंजाबा नावाच्या शेजाऱ्याची पाळी आली. तोही वर गेला. त्याच्या मागचा कचरूही वर गेला. अर्ध्या तासात बाराही कुटुंबं दगडधोंड्यांत जाऊन उभी राहिली. खाली एक ते पन्नास नंबर तसेच मोकळे होते.

अश्लेषाने हातातल्या फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला. चढ चढून ती बानाबाईजवळ गेली.

"मावशी, खाली पाणी येतं का?"

"पाह्यलं नाय, बाई. खोटं कशाला बोलू?"

"मग सगळे वर का आलात?"

बानाबाईने सुनेकडे पाहिलं. मग विचारलं, "सांगितलं तर घरं जात्याल का?"

'नाही' म्हणणं फार सोपं होतं, आणि अश्लेषाला ते म्हणावंसं वाटलंही. पण म्हातारीच्या तोंडावर खोटं बोलायची तिला लाज वाटली.

"बहुतेक जातील," ती म्हणाली.

"आत्या, ऱ्हाऊ द्या," रत्नमाला हलकेच म्हणाली. "आपलं तर वर हाय ना."

बानाबाई खडकावर टेकली. तिने खालच्या माळाकडे हात केला.

"मिरग लागायच्या आधी आमी इथून उठतो," ती म्हणाली. "पाऊस येवो न येवो, उठायचंच. म्हून पाणी कधी पाह्यलं नाय. माझ्या सासऱ्याच्या बापानं एकदा चार दिस उशीर केला व्हता. ढग फुटला डोंगरावर. खाली बसवलेली सगळी मेंढरं व्हाऊन गेली. संगं धाकला भाऊ बी गेला. तवापासून आमच्यात कुनी मागं ऱ्हात नाय."

रत्नमालाने तोंड फिरवलं. अश्लेषाने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बानाबाईचा शब्द न् शब्द लिहून काढला. लिहून झाल्यावर तिला राहवलं नाही.

"मावशी, तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं. परवा फाइल गेली असती. तुमची बारा घरं तर कोरडीच राहिली असती."

"व्हय," बानाबाई म्हणाली. "आन् आता बी आमचं काय, आमी उठू, दुसरीकडं जाऊ. आमाला सवय हाय. पर ह्या खालच्या पन्नास घरान्ला कोन उठवनार, बाई?"