सालाच्या ओंडक्यातला आवाज

पुरात वाहून आलेले साल वृक्षाचे ओंडके भारताचे की नेपाळचे, यावरून दोन्ही देशांची बोलणी अडली होती. शेवटी लाकडाच्या वलयांत मुरलेले आवाज ऐकवणारं यंत्र आणलं. सुई गाभ्याजवळ टेकली. आधी वारा ऐकू आला, मग कुणीतरी मराठीत म्हणालं, "चिमे, फार पुढे जाऊ नकोस गं."

"मराठी! म्हणजे माल आपलाच," भारताचे सचिव आनंदाने म्हणाले.

भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख सुनीती ओगले यांचे डोळे भरून आले होते. "मला चिमी म्हणणारे एकटे माझे बाबा," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना ते नेपाळमध्ये सालाची झाडं लावायला गेले होते, मलाही नेलं होतं. त्याच वर्षी ते वारले. हे लाकूड नेपाळचं आहे."

सचिवांनी मान खाली घातली. नेपाळच्या शिष्टमंडळाचे प्रमुख रिजाल मात्र उठले आणि आपल्या माणसांना दाराकडे नेऊ लागले.

"आम्ही बाहेर थांबतो, ताई. तुम्ही निवांत ऐका."

सुनीतींनी हात जोडले. बाबांचा चेहरा फोटोत होता, आवाज मात्र त्या कधीच विसरून गेल्या होत्या. त्यांनी सुई पुढे सरकवली.

"दमलीस का?" बाबा विचारत होते. "ये, खांद्यावर बस."