राजा हरतो कसा

"इथं राजा हरतोय," परवाना कार्यालयातले साहेब म्हणाले.

"हरू शकतो," ती म्हणाली. "एकजण राजा होतो, बाकीचे वस्त्या. धरण राजाच्या हातात. सगळ्या वस्त्यांनी एकाच फेरीत त्याचं ऐकायचं नाकारलं, तर तो पायउतार. खेळच तो आहे."

"ही पळवाट बंद करा. मग बघू."

बोर्ड गेम तयार करण्यावर तिचं पोट होतं. या खेळात दोन वर्षं गेली होती आणि परवान्याशिवाय छापखानेवाला कागदाला हात लावत नव्हता. ती दातओठ खात घरी आली.

"सोडून दे," नवरा म्हणाला. "सशांचा खेळ कर. सशांवर कुणी आक्षेप घेत नाही."

"ससे गाजरं वाटून खायला लागले, की घेतात."

तिनं नियम बदलला. वस्त्यांनी आपसांत बोलायचं नाही, निरोप राजाच्या दूतामार्फत.

साहेबांनी कारकुनाला समोर बसवून अख्खी सकाळ खेळ खेळला. ती बाकावर बसून जांभया गिळत होती.

"दूत फितूर झाला, तर राजा हरतो," शेवटी ते म्हणाले.

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती त्यांच्यावर चिडली, त्याहून जास्त स्वतःवर. मग दूत दर फेरीला बदलायला लागला. कोण कधी दूत होईल ते कळेना, म्हणून कुणाचा कुणावर विश्वास उरेना.

पुढच्या खेपेला साहेबांनी नवंच खुसपट काढलं. "आणि एखादी वस्ती तहानलेली राहायला तयार झाली तर?"

"अहो, किती वेळा यायचं मी?"

"तुम्हीच सांगा."

वैतागाच्या भरात तिला उत्तर तिथंच सुचलं. "दर फेरीला एका वस्तीला दुप्पट पाणी द्यायचं. बाकीच्या तिच्यावर जळतील. राजाला काही करायलाच नको."

साहेबांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

घरी तिनं तो नियम लावून पाहिला. ती राजा झाली. सासूबाई आणि नवरा दोन-दोन वस्त्या घेऊन बसले. थोड्याच वेळात मायलेकांची जुंपली. दुप्पट पाणी पोराकडे का गेलं, यावरून सासूबाईंनी पट उधळायचाच बाकी ठेवला.

"राजाकडे माझं लक्षच गेलं नाही गं," नंतर त्या ओशाळून म्हणाल्या. "मी आपली पोराशीच भांडत बसले."

"जमलं," ती पुटपुटली. इतक्या दिवसांच्या चिडचिडीनंतर तिला जरा बरं वाटलं.

ती कार्यालयात गेली, तेव्हा साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. "खेळाला परवाना मिळणार नाही."

"तुम्ही म्हणालात ते सगळं केलं मी. आता कुणीही खेळो, राजा हरत नाही."

"म्हणूनच. असा खेळ बाजारात कशाला जायला हवा? सोमवारपासून नियोजन खात्यात रुजू व्हा. वरून मंजुरी आली आहे."

"मी नोकरी मागितली नव्हती."

"नाही मागितली," साहेब म्हणाले. "खेळ बनवणाऱ्या तिघांना आम्ही पळवाट बंद करायला सांगून पाहिलं. बाकीचे दोघं पहिल्याच दिवशी पट गुंडाळून निघून गेले."