चपलांच्या दुकानातली राजकन्या

साताऱ्यातल्या उंडाळेकाकांच्या चपलांच्या दुकानात थेमी कामाला लागून वर्ष झालं होतं. आपण आपल्या ग्रहावरची राजकन्या आहोत, हे तिनं काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "असशील बाई, पण खोकी जागच्या जागी ठेवत जा," एवढंच ते म्हणाले होते.

त्या दुपारी तिच्याच ग्रहावरची एक म्हातारी दुकानात आली. त्यांचा सूर्य विझण्याआधी निघालेल्या शेवटच्या यानातून ती नुकतीच पृथ्वीवर उतरली होती. थेमीनं खाली बसून तिचं सहा बोटांचं पाऊल हातात घेतलं आणि त्यात सँडल चढवली. तेवढ्यात म्हातारीनं तिला ओळखलं आणि घाईनं पाय मागे ओढला.

"तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "तुम्ही वाचलात, बरं झालं. माझ्या लेकीला पहिल्या यानाच्या दारातून परत पाठवलं. पुढचं यान येईपर्यंत ती थंडीनं गेली. यान भरलं होतं, असं सांगितलं आम्हाला. भरलंच होतं ना?"

थेमी 'हो' म्हणू शकली असती. काका काउंटरवरून कौतुकानं बघत होते.

"नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या कपड्यांच्या पेट्या होत्या. मीच ठेवायला लावल्या होत्या."

 म्हातारीनं पाय पुढे केला.

"बक्कल लाव," ती म्हणाली.

थेमीनं मान खाली घालून बक्कल लावलं.