थांबलेला ठणका

“दुखतं का, एवढंच विचारून सोडू नका. गार लावा, काढा, आणि मग किती वेळ कळ राहते ते बघा.” नागपूरला शिकवणाऱ्या सरांचं हे सांगणं डॉ. प्रेरणा सेलूतल्या आपल्या छोट्या दवाखान्यात रोज पाळत असे.

आज खुर्चीच्या कडेवर कमलाबाई बसल्या होत्या, उठायच्या तयारीत. सून मयुरीने त्यांना धरूनच आणलं होतं.

“मले काई झालं नाई, डॉक्टरीणबाई. आठ दिवस दाढ लय ठणके. चहा घेतला का कळ मस्तकात जाय. केळझरच्या गणपतीले बोलली, ठणका थांबव, पायी येईन. परवा थांबला. आज मंगळवार, मी निघून राह्यली.”

“आठ दिवस घरात कोणाले झोपू देल्लं नाई, अन् म्हणे काई झालं नाई,” मयुरी म्हणाली.

“दोन मिनिटं, काकू.” प्रेरणाने बर्फाची कांडी घेतली.

“उपवासाले चालते न?”

“पाणीच आहे.”

शेजारच्या चांगल्या दाढेला बर्फ लागताच कमलाबाई दचकल्या. काढला, कळ गेली. मग दुखरी दाढ. प्रेरणा मनात वीसपर्यंत मोजत गेली. कमलाबाई शांतपणे छताकडे बघत होत्या. आरशाच्या दांडीने तिने त्याच दाढेवर हलकेच ठोकलं, तशी त्यांनी तिचं मनगटच धरलं.

“गार लागून लगेच थांबलं असतं, तर दाढ नुसती भरून भागलं असतं. चहाने ठणकायला लागली तेव्हाच आतली नस हातची गेली होती. आता ती मेली आहे, काकू. म्हणून दुखत नाही. पण मुळाशी पू होतो आहे. आज साफ करायला घेतली तर दाढ राहील.”

“म्हंजे गणपतीनं नाई थांबवलं!” मयुरी बोलून गेली.

कमलाबाईंनी प्रेरणाचं मनगट सोडलं.

“मी ठणका थांबव म्हणली होती. दाढ वाचव म्हणलीच नाई. त्यानं त्याचं केलं. आता तुमी तुमचं करा.” आणि त्यांनी आ केला.

भुलीची सुई न देताच प्रेरणाने दाढ उघडली. कमलाबाईंची पापणीही हलली नाही. उग्र वास तेवढा खोलीभर पसरला.

बाहेर मयुरीने रिक्षा थांबवली होती. कमलाबाईंनी पायातल्या चपला काढून तिच्या हातात दिल्या आणि गालातला कापसाचा बोळा जिभेने सावरत, रस्त्याच्या कडेकडेने त्या केळझरकडे चालू लागल्या.