शहाणे पाय

अपघातात पाय गेलेल्या हौसाक्काला सरकारी केंद्राने यंत्राचे पाय बसवले होते. पण बांबूची सुपं विणायला ती खाली बसू लागली, की ते पाय "ही हालचाल चुकीची आहे" म्हणत तिला ताठ उभं करत.

तक्रार ऐकायला डॉक्टर, इंजिनियर, हालचालींचे अभ्यासक असे नऊ जण जमले.

"आक्का, शंभरपैकी शंभर गुण! इतकं सुरेख कुणी चालत नाही," प्रमुख म्हणाले.

"चालत जाऊ कुठं? काम बसून करायचं हाय."

"जमिनीवर बसणं आमच्या अभ्यासात नव्हतं."

हौसाक्काने नऊही तोंडं तुच्छतेने न्याहाळली. खुर्चीतच पाय उतरवून तिने टेबलावर आदळले.

"घ्या, ह्यांनाच फिरवून आणा," म्हणत ती फरशीवर उतरली आणि हातांवर सरकत दाराबाहेर गेली.