शिशाच्या डबीतली अंगठी

अंगठी तिसऱ्यांदा घासून धुतली, तरी किरण मोजणाऱ्या यंत्राची टकटक थांबेना. मोजणी करणाऱ्या बाईने ती चिमट्यात धरून टेबलावर ठेवली आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं.

टेबलाच्या अलीकडे फिटर बसला होता. अंगात आंघोळीनंतर प्रकल्पाने दिलेले ढगळ कपडे, पायांत दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला. सकाळी अणुभट्टीच्या भिंतीलगतचा गळका पंप आवळायला तो आत गेला होता. बाहेर आला आणि उलट्या सुरू झाल्या. निरोप मिळाला तशी त्याची बायको लाँड्रीतून तडक आली होती. तिच्या हातांना अजून साबणाचा वास येत होता.

"वहिनी, उगाच घाबरू नका," साहेब म्हणाले. ते प्रकल्पाच्या सुरक्षेचे प्रमुख होते. सुरक्षा नेमकी कोणाची, हे त्यांचं केव्हाच ठरलेलं होतं. "आतली धूळ जरा अंगावर बसली, एवढंच. बूट धुतले, टोपी धुतली, सगळं स्वच्छ निघालं. उलट्यांचं म्हणाल तर पित्त असेल. घरी न्या, झोपू द्या."

"ह्यांना मोठ्या दवाखान्यात नेणार होते म्हणे."

"काही गरज नाही. उगीच बोभाटा होतो."

बोभाटा! खरं दुखणं ते होतं. दवाखान्यात नेलं की रक्त तपासणार, आणि माणूस आत असताना भट्टीच्या भिंतीतली किरण अडवणारी झडप उघडी कशी राहिली, हे कुणीतरी विचारणार. त्यापेक्षा पित्त बरं. पित्ताची चौकशी होत नाही.

"बरं. चला हो," ती नवऱ्याला म्हणाली आणि अंगठी उचलायला तिने हात पुढे केला.

"अहो, हात लावू नका!" साहेब ओरडलेच. बाईने चटकन अंगठी शिशाच्या जाड डबीत टाकली आणि झाकण फिरवलं.

"का? धूळच ना? धुतली की."

"धूळ नाही... म्हणजे सोनंच तसं झालंय." साहेबांनी घसा खाकरला. "भट्टीतले किरण लागले ना, की साधं सोनंसुद्धा थोडे दिवस स्वतःच किरण सोडायला लागतं. पंधरा दिवसांत आपोआप निवळेल. मग येऊन घेऊन जा, अगदी पहिल्यासारखी."

म्हणजे पंधरा दिवसांनी अंगठी गप्प होणार, आणि पित्ताचं पित्तच राहणार.

फिटर आपल्या बोटाकडे बघत होता. लग्नापासून ती अंगठी कधी उतरली नव्हती. आज साबण लावून ओढून काढली, तिथे पांढरा पट्टा राहिला होता. बायकोनेही तो पाहिला.

"साहेब, मी इतकी वर्षं लोकांचा मळ धुतेय," ती म्हणाली. "मळ वरून बसतो, घासला की जातो. हे तसं नाही. हे आत शिरलंय." मग तिचा आवाज खाली आला. "अंगठीच्या आत शिरलं, तर ती घातलेल्या बोटाचं काय?"

साहेबांनी डबीचं झाकण पुन्हा आवळून पाहिलं.

"ह्यांना मोजलंत का?" तिने बाईला विचारलं.

"कपडे मोजले. बूट मोजले."

"मी ह्यांचं विचारतेय."

"साहेब म्हणाले, गरज नाही."

"बाई, तुमचं काम झालंय. तुम्ही निघा," साहेब म्हणाले.

बाई निघाली नाही. नोकरी तिलाही प्यारी होती, पण मूग गिळून बसायचीसुद्धा एक हद्द असते. तिने फिटरला सदरा वर करायला सांगितलं आणि यंत्राची दांडी त्याच्या उघड्या पोटाशी धरली.

टकटक सुरू झाली. डबी तर बंद होती.

फिटर स्वतःच्या पोटाकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. "झडप बंद आहे का, मी दोनदा विचारलं होतं," तो म्हणाला. "साहेबच म्हणाले, बंद आहे, जा."

बायकोने आपली खुर्ची ओढली, त्याला अगदी खेटून बसली आणि त्याचा हात घट्ट धरला.

"वहिनी," साहेब पटकन म्हणाले, "तुम्ही जरा लांब बसा."

शब्द तोंडून गेल्यावर आपण काय कबूल केलं, ते साहेबांच्या लक्षात आलं. बाईने यंत्र खाली ठेवलं. फिटरने हात सोडवून घेऊ पाहिला. तिने सोडला नाही, आणि ती तसूभरही हलली नाही. मोकळ्या हाताने तिने टेबलावरचा फोन साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

"दवाखान्यात लावा," ती म्हणाली, "आणि आत्ता मला जे सांगितलंत, तेच डॉक्टरांना सांगा."