डावी बाजू तुझी

"डावीकडून आला, तात्या! मारा!"

झुंबरतात्यांनी माऊस दाबला, पण उशिरा. भुताची कुऱ्हाड बसली आणि पडद्याच्या कोपऱ्यातली, उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी आणखी आखूड झाली. छायाने कीबोर्डवरचं बाणाचं बटण दाबून दोन पावलं माघार घेतली.

भुताला ती घाबरत होतीच, नाही असं नाही. पण खरी भीती वेगळी होती. तात्या, म्हणजे तिचे वडील, एसटीचे ड्रायव्हर. नाशिकहून वणी आणि पुढे घाटाने सप्तशृंगीचा गड, ही त्यांची रोजची फेरी. भरलेली गाडी, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. आणि या माणसाला नाकासमोरचं भूत वेळेवर दिसत नव्हतं.

कॉम्प्युटर घेतला तो छायाच्या डिप्लोमासाठी. तळघरातल्या भुतांचा हा गेम मैत्रिणीच्या सीडीतून आला आणि अभ्यास राहिला बाजूला. तात्यांना तिने गंमत म्हणून शेजारी बसवलं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली.

"स्टेरिंग माझ्याकडं," माऊस ओढून घेत ते म्हणाले होते. "गेर, ब्रेक तुझं."

म्हणजे चालणं, थांबणं, मागे फिरणं कीबोर्डवरून छायाने करायचं. कर्सर भुतावर नेऊन तलवार तात्यांनी चालवायची. एसटीत लागण्याआधी ते पिंपळगावहून द्राक्षांचा ट्रक न्यायचे. तेव्हाचा नियम त्यांनी तळघरातही लावला. ड्रायव्हर उजवीकडे, क्लीनर डावीकडे.

"डावी बाजू तुझी. तिकडून काय आलं तर वरडायचं. उजवीचं मी बघतो, तिच्यात नाक खुपसायचं नाय."

हिवाळाभर तात्यांच्या सुट्टीच्या दुपारी असंच चाललं. खिडकीला गोधडी लावायची आणि अंधारात शिरायचं. स्पीकर अजून घेतले नव्हते, त्यामुळे भुतं चोरपावलांनी यायची. ती जास्तच भिववायची.

पण अलीकडे तात्यांचं काहीतरी बिनसलं होतं.

"आज उजवी बी तूच सांग," एके दिवशी ते म्हणाले, आणि छाया चरकली. उजवीही यांना दिसेनाशी झाली की काय?

ती डोळे ताणून बघत राहिली. गेम बनवणारा आळशी असावा. सगळी भुतं डावीकडूनच पाठवायचा. उजवीकडून कोणी येतच नव्हतं. तरी तात्यांचा हात मध्येच उजवीकडे झेपावायचा आणि माऊस कटकट वाजायचा.

"तात्या, कोणाला मारताय?"

"हं," एवढंच.

ती तिकडे नजर वळवेपर्यंत एखादा सांगाडा पडलेला दिसायचा. तळघरात काय, सांगाड्यांना तोटा नव्हता.

छायाला रात्री झोप लागेना. असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं, असले कसले डोळे? डेपोत सांगावं, तर तात्यांची गाडी जाणार. गाडी गेली की तात्या घरात बसून झुरणार. न सांगावं, तर घाटातलं ते वळण तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

आजही तेच. तात्यांनी चहाचा कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला. काही क्षणांत तिचा कोपर लागून चहा टेबलभर झाला.

"इथे कशाला ठेवता हो! दिसत नाही का तुम्हाला?"

बोलून गेली आणि तिलाच कसंतरी झालं. तात्यांनी फडक्याने टेबल पुसलं आणि ते म्हणाले, "चल पुढं. नीट बघ. दोन्ही बाजू."

छायाने बटण दाबलं. डावीकडचा कोपरा रिकामा होता. समोर बंद दार होतं. उजवीकडे नुसता अंधार. या वेळी तात्यांनी हात उचललाच नाही, आणि पडदा एकदम लाल झाला. मेले. कोणी मारलं तेही तिला कळलं नाही.

तिला रडू फुटलं. "तात्या, माझं ऐका. डोळे दाखवायला चला."

भांडण होणार हे तिने धरलंच होतं. तापात फणफणले तरी गोळी न घेणारा हा माणूस. पण तात्या उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

"चल. आत्ताच."

तिने स्कूटीची किल्ली शोधली, तर ती तात्यांच्या खिशात. गेल्याच आठवड्यात ती चालवत असताना एक हातगाडी कुठून मध्ये उपटली देव जाणे, स्कूटीचा आरसा फुटला होता. "रिक्षानं जाऊ," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी तात्यांना खुर्चीत बसवलं. तात्यांनी तक्त्यावरची अगदी खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डॉक्टरांनी बाजूने बोटं हलवली. डावीकडची, उजवीकडची, सगळी त्यांना दिसली.

"खणखणीत डोळे आहेत," डॉक्टर म्हणाले. "खुशाल गाडी चालवा."

छायाच्या जिवात जीव आला. आणि मागोमाग रागही आला. पंधरा दिवस जीव टांगणीला लावला होता यांनी!

"मग डावीकडची भुतं का दिसत नव्हती तुम्हाला?"

"दिसत व्हती की. माझं लक्ष तुझ्याकडं व्हतं."

"आणि उजवीकडे? रिकाम्या अंधारात कोणावर तलवार चालवत होतात?"

तात्या खुर्चीतून उठले. तिचे दोन्ही खांदे धरून त्यांनी तिला त्याच खुर्चीत बसवलं.

"डॉक्टर, आता हिचे बघा. उजवीकडून आलेलं एक बी भूत हिला दिसलं नाय."